चार अक्षरांच्या हवाली

विशीतली मुलं हल्ली स्वतःची ओळख करून देताना आयएनएफजे, ईएनटीपी अशी चार अक्षरं सांगतात. मोबाइलवर दहा-बारा मिनिटांत एक प्रश्नावली सोडवायची, सोळा प्रकारांपैकी आपण कोणत्या प्रकारातले ते कळलं की पुढचं सगळं त्यावर बेतायचं. कोणती नोकरी धरावी, कोणाशी लग्न करावं, मित्रांबरोबर सहलीला जावं की घरी बसावं, सगळं त्या अक्षरांना विचारून. दक्षिण कोरियात ही अक्षरं डेटिंगच्या प्रोफाइलवर सर्रास असतात, आणि 2022च्या सुमारास तिथल्या काही अर्धवेळ कामांच्या जाहिरातींत अमुक प्रकारच्या लोकांनी अर्ज करू नये अशा सूचनाही दिसू लागल्या होत्या. आपल्याकडेही ही अक्षरं आता कॉलेजच्या कट्ट्यावर येऊन बसली आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. स्वभाव खरा असतो, तो बऱ्यापैकी मोजताही येतो. पण आयुष्यात काय करायचं हे त्याला विचारू नये. जे करायचं ठरवलं ते आपल्याला झेपेल अशा रीतीनं कसं करायचं, एवढ्यापुरताच त्याचा सल्ला घ्यावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पुरता मांडायला हवा. या चाचणीची कर्ती इझाबेल ब्रिग्ज मायर्स. तिची आई कॅथरीन ब्रिग्ज मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 सालच्या स्वभावप्रकारांवरच्या ग्रंथानं भारावून गेली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष आघाडीवर गेले आणि बायका मोठ्या संख्येनं कारखान्यांत, कचेऱ्यांत शिरल्या. कोणाला कोणतं काम मानवेल हे आधी कळलं तर माणसं कमी कुढतील, एकमेकांना जास्त समजून घेतील, या कळकळीनं इझाबेलनं प्रश्न रचायला घेतले. फिलाडेल्फियातल्या एका बँकेत नोकरभरती पाहणाऱ्या माणसाकडे उमेदवारी करून ती चाचण्यांचं तंत्र शिकली आणि 1980मध्ये मृत्यू येईपर्यंत याच कामात राहिली. तिच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती म्हणून अनेक टीकाकार तिला हिणवतात. तो मुद्दा मी वापरणार नाही. पदवी नसलेल्या माणसानं मोलाचं काम केल्याची उदाहरणं ढिगानं सापडतील.

शिवाय या अक्षरांनी काही माणसांचं खरंच भलं केलं आहे. पाहुण्यांनी भरलेल्या घरात जे पोर आतल्या खोलीत जाऊन बसायचं, त्याला आपण घुमं म्हणत आलो, माणूसघाणं म्हणत आलो. त्याला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं की तुझ्यात खोट नाही, असे पुष्कळ लोक असतात. नवऱ्याला महिनाभर आधी गाडीचं आरक्षण लागतं आणि बायको आदल्या रात्री बॅग भरते, यावरून वर्षानुवर्षं चाललेली धुसफूस ‘आपली घडणच वेगळी’ एवढ्या समजुतीनं निवते. हे फायदे मी नाकारत नाही.

आता खंडन. चाचणीतली पहिलीच जोडी घ्या: बहिर्मुख की अंतर्मुख. हजारो लोकांचे गुण मांडले तर दोन वेगळे गट पडत नाहीत; बहुतेक माणसं मधोमध दाटीनं उभी असतात आणि टोकाला थोडी. चाचणी त्या गर्दीच्या ऐन मध्यातून रेघ मारते. शंभरपैकी 49 गुणांचा मुलगा एका वर्गात, 51चा दुसऱ्या वर्गात, आणि 51चा व 95चा मात्र एकाच बाकावर, असा तो हिशेब होतो. म्हणूनच निकाल टिकत नाही. डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञानं 1993मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पाचेक आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा प्रकार बदललेला दिसला. चारपैकी एखादंच अक्षर बदलतं हे खरं, पण प्रकार बदलला की त्यावर बेतलेला सगळा सल्लाही बदलतो. जूनमध्ये जो सल्ला मिळाला तो ऑगस्टमध्ये मिळणार नसेल, तर त्यावर करिअर कसं बेतायचं? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं 1991मध्येच म्हटलं होतं की करिअरच्या मार्गदर्शनासाठी ही चाचणी वापरण्याइतका चांगला पुरावा उपलब्ध नाही. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ती वापरू नये, हे तर चाचणीचे पुरस्कर्ते स्वतःच सांगतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘पण माझं वर्णन तंतोतंत जुळलं!’ 1948मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकानं आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली. नंतर प्रत्येकाला ‘हे तुझं स्वभावचित्र’ म्हणून एक कागद दिला आणि ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी 4.26 आली. मग उघड झालं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातली बरीचशी वाक्यं पेपरवाल्याच्या ठेल्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. तुम्ही वरवर शिस्तीचे वाटता पण आतून धास्तावलेले असता, अशा वाक्याला नाही म्हणणारा माणूस विरळा. वर्णन जुळलं एवढ्यावरून प्रकार खरा ठरत नाही.

युंगनं तर हे आधीच ओळखलं होतं. अर्जेंटिनात निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीसाठी 1934मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, माणसांवर अशा चिठ्ठ्या डकवणं म्हणजे बैठकीतला पोरखेळ असल्याचं त्यानं साफ सांगितलं.

मोजमापातले दोष सुधारता येतील. मला जास्त भीती वाटते ती या अक्षरांनी माणूस आपणहून दारं लावून घेतो याची. माझी भाची पुण्यात शिकते. लिहिते फार छान. तिच्या कॉलेजनं तिची एकांकिका पुरुषोत्तम करंडकासाठी घेतली आणि दिग्दर्शनही तूच कर म्हणून मुलं मागे लागली. तिनं नकार दिला. वेळ नाही, आवड नाही, असं काही कारण असतं तर माझी तक्रार नव्हती. ती म्हणाली, “मामा, मी आयएनएफपी आहे. आमच्या टाइपला माणसं हँडल करता येत नाहीत.” तोवर तिनं तालमीत एकदाही कोणाला ‘इथे उभा राहा’ म्हणून पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्याला काय जमत नाही याची इतकी खात्री असावी, आणि ती अनुभवावाचून असावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या समाजाला हे नवं नाही. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांपैकी सहा गणाचे असतात. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. राक्षसगणाची मुलगी कितीही गुणी असली तरी तिची पत्रिका परत आल्याच्या कहाण्या घराघरांत आहेत. जन्मवेळेनं माणसाला खान्यात बसवू नका असं ठणकावून सांगणाऱ्या पिढीनंच आता लग्नाच्या ॲपवर चार अक्षरं पाहून पुढचं नाव काढावं, हे मला पटणारं नाही. इथे जन्मनक्षत्राच्या जागी प्रश्नावली आली एवढाच फरक आहे. समोरच्याशी बोलण्याआधी त्याला बाद करणं तेच आहे.

तर मग स्वभावाचं करायचं काय?

एक तर तो प्रकारांत न पाहता प्रमाणात पाहावा. आजचं संशोधन मुख्यतः पाच गुणांवर चालतं: नवं स्वीकारण्याची ओढ, कामातली काटेकोर शिस्त, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि मनाची अस्थिरता. यात खाने नाहीत, कमी-जास्त आहे. चार अक्षरांच्या पद्धतीत शेवटच्या गुणाला जागाच नाही. लवकर घाबरणं, लवकर खचणं ही माणसाला सर्वांत जास्त छळणारी बाजू त्या गोड वर्णनांतून वगळलेली आहे, आणि निर्णय घेताना नेमकी तीच माहीत असावी लागते.

स्वभाव ‘कसं’साठी वापरणं म्हणजे काय, हे ब्रायन लिटल या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाकडे पाहून कळतं. हा गृहस्थ कमालीचा अंतर्मुख, आणि व्याख्यानं मात्र सभा डोक्यावर घेणारी. क्विबेकमधल्या लष्करी महाविद्यालयात त्याचं सकाळी व्याख्यान झालं की दुपारच्या व्याख्यानाआधी अधिकाऱ्यांबरोबर जेवणाचं निमंत्रण असे. त्यानं सांगितलं, मला जहाजं पाहण्याचा नाद आहे, मी नदीकाठी फिरून येतो. पुढे कार्यक्रमाची जागा बदलली, नदी लांब गेली, तेव्हा तो स्वच्छतागृहात कडी लावून बसू लागला. आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामासाठी माणूस स्वभावाविरुद्ध वागू शकतो, फक्त नंतर सावरायला त्याला कोपरा लागतो, हे त्यानंच सिद्धान्त म्हणून मांडलं. शिकवणं त्याला प्रिय होतं, म्हणून त्यानं शिकवलं. स्वभावानं फक्त दुपारचा तो तास मागून घेतला. माझ्या भाचीलाही तालमीनंतरची एकटी संध्याकाळ मिळाली असती, तर तिला दिग्दर्शन जमलं असतं की नाही हे निदान कळलं असतं.

आणि स्वभाव हलतो. वय वाढतं तशी बहुतेकांची शिस्त वाढते आणि मनाची अस्थिरता कमी होते, हे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नेथन हडसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2019मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजची मुलं दर आठवड्याला छोटी कामं पत्करत होती. ज्याला बोलकं व्हायचंय त्यानं दुकानात अनोळखी माणसाला नमस्कार करायचा, अशा धर्तीची. ज्यांनी ती पार पाडली त्यांचा स्वभाव सत्रभरात त्या दिशेनं थोडा सरकला. ज्यांनी नुसती पत्करली आणि केली नाहीत, त्यांचा सरकला नाही.

काय बदलत नाही आणि काय बदलता येतं, ही विभागणी समर्थ रामदासांना ठाऊक होती. दासबोधाच्या चौदाव्या दशकात ते सांगतात की रूप अभ्यासानं मिळत नाही, उपजत गुणांपुढे उपाय चालत नाही, पण बाहेरून येणाऱ्या गुणांची तरी सोय धरावी. मूर्खाची लक्षणं त्यांनी एकामागून एक मांडली तीसुद्धा वाचणाऱ्यानं सोडून द्यावीत म्हणून.

राज्य मंडळानं 2016मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली, तेव्हा तिच्यामागची गरज खरी होती. पंधराव्या वर्षी शाखा निवडायची असते आणि घरात कोणालाच नीट सुचत नसतं. त्या घरांना माझं सांगणं एवढंच की परीक्षा आणि प्रवेश यांमधल्या सुट्टीत पोराला खरं काम द्या. ओळखीच्या फार्मसीत आठ दिवस उभं करा, एखाद्या वकिलाच्या कचेरीत फायली लावू द्या, वस्तीतल्या लहान मुलांची गणितं घेऊ द्या. रोज रात्री तीनच गोष्टी विचारा: कशात वेळ कळला नाही, कशानं जीव मेटाकुटीला आला, आणि उद्या हेच जरा वेगळ्या रीतीनं करायचं झालं तर काय बदलशील. लाजरं पोर फार्मसीतून येऊन सांगेल की गिऱ्हाइकांशी बोलून डोकं उठलं, पण औषधांची नावं मात्र पाठ झाली. मग त्याच्याशी औषधनिर्माणशास्त्राबद्दल बोला, आणि संध्याकाळी त्याला तासभर एकटं सोडा.