बरणीतलं पिल्लू पाळू नका, सोडा!

परवा संध्याकाळी गल्लीत गर्दी दिसली म्हणून डोकावलो. सहावीतला एक पोरगा लोणच्याची बरणी छातीशी धरून उभा. आत वीतभर साप. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, तळाला दूध ओतलेलं. "काका, अजगराचं पिल्लू हाय. पाळणार हाय मी!" भोवती चार मोठी माणसं मोबाईलवर शूटिंग करत होती.

डोकं तिकोनी, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके. ती घोणस होती. बरणी खाली ठेवायला लावली, पोरांना लांब केलं, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला. सर्पमित्र येऊन पिल्लू घेऊन गेले. कुणाला काही झालं नाही, पण ते नशिबानं. आमच्या शहाणपणानं नव्हे. म्हणून ही पोस्ट.

"लहान आहे, काय करतंय?" हे वाक्य आधी बंद करा. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, एका खेपेला वीस-तीस सहज. ती जन्मल्या क्षणापासून विषारी असतात. म्हणजे एक सापडलं, तर आजूबाजूला आणखी असणार हेही समजा.

आता दयाळू मंडळींसाठी. पिल्लू अनाथ नसतं हो! घोणशीची आई पिल्लांना भरवत नाही, राखत नाही. ती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जिवावर जगतात. साप दूध पीत नाही, तहानेनं व्याकूळ झाला तर नाइलाजानं पितो आणि ते त्याला पचत नाही. तुमची माया म्हणजे त्याचं मरण.

शेजारच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडायचे. न्यायालयानं ते थांबवलं, तेव्हा आपण शहरातले लोक किती शहाणपण शिकवत होतो! मग बरणीत कोंडून रील काढणं काय वेगळं आहे? तिथं निदान श्रद्धा तरी होती, इथं नुसते लाईक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणं, पाळणं, मारणं, तिन्ही गुन्हा. शेपटीला धरून कॅमेऱ्यापुढं नाचवणाऱ्या हौशी 'सर्पमित्रां'नीही हे वाचावं. तुमचं बघूनच पोरं शिकतात, भावांनो.

मग करायचं काय? लांब उभं राहा. नजर ठेवा. पोरं, कुत्री-मांजरं बाजूला करा. १९२६ ला किंवा वनखात्याशी जोडलेल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. सापाची सेवा एवढीच. चावलाच तर ब्लेड नको, करकचून दोरी नको, मांत्रिक तर नकोच. हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट सीपीआर. वीतभर पिल्लू चावलं तरी हेच.

आणि शेवटचं, जरा रागानं. याच कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, बाबुराव टक्केकर सरांनी शाळेत सर्पशाळा उभी केली. खेड्यातली पोरं विषारी-बिनविषारी साप ओळखायला शिकली. आणि आम्ही शहरातले, हातात स्मार्टफोन असून, घोणशीला अजगर म्हणतोय! प्रत्येक शाळेनं जूनमध्ये एक तास सापांसाठी ठेवला तर काय बिघडतंय? पैसा लागत नाही, इच्छा लागते. पालकसभेत युनिफॉर्म आणि फीवर तासभर बोलता ना? हेही विचारा.

त्या पोराला मी रागावलो नाही. त्याला साप आवडतो, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याला पिल्लू नको होतं, ओळख हवी होती. ती द्यायची जबाबदारी आपली होती. आपण मात्र शूटिंग करत उभे होतो.

१९२६ नंबर आत्ताच सेव्ह करा. पटलं तर गल्लीच्या ग्रुपवर टाका.