पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

संगणकाला आपण परवलीचा शब्द देतो, तेव्हा 'हा खरोखर तोच माणूस का?' हे तपासणारी सेवा म्हणजे दारावरचा पहारेकरीच. तिच्या अनेक प्रती, लागणाऱ्या सामग्रीसह 'कंटेनर'मध्ये बांधून, संगणकांच्या समूहावर चालवतात. एक प्रत बंद पडताच दुसरी उभी करणे, गर्दी पाहून प्रती वाढवणे ही कामे कुबरनेटीजसारख्या स्वयंचलित व्यवस्था करतात. माणसाला इतकी चपळाई जमणार नाही.

परंतु यंत्राला माहितीच चुकीची मिळाली तर? १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलच्या ओळख तपासणाऱ्या सेवेचा वापर शून्य आहे, अशी चुकीची नोंद झाली. साधनांचे वाटप करणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेने त्यावर विसंबून तिचा वाटा घटवला. जगभर सुमारे पाऊण तास जीमेल उघडेना. खात्यात न शिरता यूट्यूब पाहणाऱ्यांना मात्र ते दिसत होते!

प्रयोगशाळेत काटा शून्यावर दिसला, तर आपण आधी तार सैल आहे का ते पाहतो. स्वयंचलन अवश्य हवे. पण पहारेकऱ्यालाच दारावरून हलवणारा निर्णय माणसाने तपासल्यावाचून अमलात येऊ नये, असे मला वाटते. शून्यावर शंका घेणे आधी आपण शिकू, मग यंत्राला शिकवू.