बेस गिटार : तारांत उरलेला पुरावा

१/ लोकप्रिय संगीताचा इतिहास आपण बहुधा गायकांच्या नावांनी आणि ध्वनिमुद्रिकांच्या सालांनी लिहितो. माझे मत असे, की त्याचा मोठा पुरावा वाद्याच्या घोडीत, तारांत आणि पडद्यांत असतो, आणि तो आपण वाचतच नाही. बेस गिटारचेच उदाहरण घेऊ.

२/ पूर्वी खर्जाचे काम डबल बेस करीत असे. माणसाहून उंच, पोकळ, पडदे नसलेले वाद्य. मोठ्या वाद्यवृंदात त्याचा आवाज बुडून जाई. १९३०च्या दशकात सिॲटलमध्ये पॉल टटमार्क यांनी विद्युत बेस घडवला, पण तो रुजला नाही.

३/ १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाचे बेस गिटार आणले. पडद्यांमुळे स्वर नेमका लागे, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. घोडीवर धातूचे झाकण आणि त्याखाली फोमचा तुकडा असे. तारेचा कंप त्यामुळे लवकर शमे आणि नाद आखूड, गोलसर होई.

४/ डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन यांनी १९६२चे प्रिसिजन वापरले. तारा जाड, चपटी पट्टी गुंडाळलेल्या. त्या ते सहसा बदलत नसत. फोमही तसाच ठेवलेला. जुनी तार आणि फोम मिळून वरचे सूक्ष्म नाद गिळतात, उरतो तो ठोका. सोल संगीताचा पाया या ठोक्यावर उभा आहे.

५/ १९६६ साली इंग्लंडमध्ये ‘द हू’चे जॉन एंटविसल यांनी रोटोसाउंड कंपनीबरोबर गोल तार गुंडाळलेल्या तारा विकसित केल्या. अशा खरखरीत तारेत वरचे नाद टिकतात, पियानोसारखी झळाळी येते. रॉक संगीतात खर्ज मागची जागा सोडून पुढे आला.

६/ जाको पास्टोरियस यांनी १९६२च्या जॅझ बेसचे पडदे काढले, खाचा भरल्या आणि वर नौकांसाठी वापरतात तसा इपॉक्सी लेप दिला. गोल तारा त्या कठीण पृष्ठावर गुणगुणू लागल्या. सरोदला पडदे नसल्याने जशी मींड सहज घेता येते, तशी येथेही. घोडीजवळच्या पिकअपने त्या नादाला धार दिली. १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये हे सारे ऐकू येते.

७/ यावर वादकांचा जुना आक्षेप आहे : नाद बोटांत असतो, वस्तूत नव्हे. त्यात तथ्य आहे. जेमरसन केवळ तर्जनीने तारा छेडत. पण बोट कोणत्या तारेवर पडते, याने नादाच्या शक्यता ठरतात. उलट, ‘यंत्राने संगीत घडवले’ हेही खरे नाही. एकाने फोम राखला, दुसऱ्याने तार बदलली, तिसऱ्याने पडदे उपटले. वस्तू मर्यादा घालते, माणूस ती वाकवतो आणि त्याच्या खुणा वस्तूवर राहतात.

८/ या खुणांचे मोल का? मोटाउन आपल्या वेष्टनांवर वादकांची नावे छापत नसे. जेमरसन यांचा ठळक नामोल्लेख १९७१ साली मार्विन गे यांच्या अल्बमवर झाला. तोवर त्यांच्या हाताखालून असंख्य गाणी गेली होती. जेथे कागद गप्प राहतो, तेथे वाद्यच साक्षीदार असते. त्यांचे ते प्रिसिजन १९८३ साली, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, चोरीस गेले. पास्टोरियस यांचे वाद्यही १९८६ साली नाहीसे झाले. सुदैवाने अनेक वर्षांनी सापडले.

९/ म्हणून आग्रह एवढाच : जुने वाद्य ‘नवे’ करताना तारा आणि फोम कचऱ्यात टाकू नका. संग्रहालयांनी साल आणि मालकाच्या नावाबरोबर तारांचा प्रकार, झाकणाखाली काय होते आणि काय काढून टाकले, हेही नोंदवावे. ज्यांची नावे वेष्टनावर आली नाहीत, त्यांच्या हातांची ओळख पुष्कळदा एवढ्यातच उरलेली असते.