जगाचा इतिहास कोणत्या सनापासून?

अमेरिकेतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना जगाचा इतिहास कोणत्या सनापासून शिकवावा, या वरकरणी तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नावरून २०१८ च्या उन्हाळ्यात तेथील शिक्षक आणि परीक्षा घेणारी संस्था एकमेकांसमोर उभे ठाकले. अवघ्या दोन महिन्यांत संस्थेला माघार घ्यावी लागली आणि वादावर पडदा पडला. मात्र त्यातून पुढे आलेला प्रश्न आजही कायम आहे. अभ्यासक्रमाची सुरुवात कोठून होते, यावर विद्यार्थ्यांना आफ्रिका इतिहास घडविणारा खंड म्हणून दिसणार की केवळ इतिहास सोसणारा खंड म्हणून, हे ठरत असते.

वादाचे मूळ

'कॉलेज बोर्ड' ही १९०० मध्ये स्थापन झालेली ना-नफा तत्त्वावरील संस्था आहे. महाविद्यालयीन प्रवेशासाठीची 'सॅट' परीक्षा तीच घेते. तिच्या 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजेच 'एपी' योजनेत विद्यार्थी हायस्कूलमध्ये असतानाच महाविद्यालयीन दर्जाचा विषय शिकतात आणि मे महिन्यात त्याची परीक्षा देतात. चांगले गुण मिळाल्यास अनेक महाविद्यालये त्याचे श्रेयांक ग्राह्य धरतात. या योजनेतील जागतिक इतिहासाची पहिली परीक्षा २००२ मध्ये झाली, तेव्हा सुमारे २१ हजार विद्यार्थी बसले होते. २०१८ मध्ये हा आकडा ३ लाखांवर गेला. त्यामुळे या परीक्षेत जे विचारले जाते, तेच देशभरातील हजारो वर्गांत शिकविले जाते.

मूळ अभ्यासक्रम सुमारे दहा हजार वर्षांचा, शेतीच्या प्रारंभापासून आजपर्यंतचा होता. मे २०१८ मध्ये कॉलेज बोर्डाने जाहीर केले, की २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून परीक्षेत केवळ इसवी सन १४५० नंतरचाच भाग असेल. त्याआधीचा काळ शाळांनी हवा तर स्वतंत्र पूर्वतयारी अभ्यासक्रमातून शिकवावा, असे सुचविण्यात आले. मात्र तो अभ्यासक्रम शाळांना पैसे मोजून घ्यावा लागणार होता. साहजिकच ज्या शाळांकडे पैसा आणि तासिका नाहीत, तेथील विद्यार्थ्यांसाठी १४५० पूर्वीचे जग जवळजवळ पुसले जाणार होते.

या निर्णयाविरुद्ध शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वाक्षऱ्यांची मोहीम उघडली. जूनमध्ये सॉल्ट लेक सिटी येथे उत्तरपत्रिका तपासणीसाठी जमलेल्या शिक्षकांनी खुल्या सभेत संस्थेच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला. 'अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन' या इतिहासकारांच्या संघटनेनेही पत्र लिहून फेरविचाराची मागणी केली. अखेर जुलैमध्ये बोर्डाने १४५० ऐवजी १२०० हे वर्ष स्वीकारले.

१४५० लाच आक्षेप का?

पंधराव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होती. १४४४ मध्ये पोर्तुगालमधील लागुश येथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची विक्री झाली. १४८२ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. १४५० पासून सुरू होणारा विद्यार्थी या जहाजांबरोबरच आफ्रिकेत पोहोचतो. त्याला प्रथम दिसतो तो किनारा आणि त्यावर साखळदंडाने बांधलेली माणसे.

त्यापुढचा आफ्रिकेचा प्रवास बहुतेक पाठ्यक्रमांत चार थांब्यांचा असतो. अटलांटिक महासागरावरील गुलामांचा व्यापार, १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर झालेली खंडाची वाटणी, दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद आणि १९९४ मधील रवांडातील नरसंहार. यांपैकी एकही विषय वगळण्याजोगा नाही. चार शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाखच अमेरिका खंडांच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे विद्यार्थ्यांना कळायलाच हवे. तथापि केवळ आपत्तींच्या मालिकेतून एखाद्या खंडाची ओळख झाली, तर तेथील समाजांना स्वतःचे राजकारण, व्यापार आणि विद्या होती, याची कल्पनाही मुलांना येत नाही. गुलामगिरीने नेमके काय उद्ध्वस्त केले, हेही मग कळत नाही.

या दृष्टीची मुळे जुनी आहेत. आफ्रिकेला सांगण्याजोगा इतिहास नाही, आहे तो तेथील युरोपीयांचा इतिहास, अशा आशयाचे मत ब्रिटिश इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९६३ मध्ये मांडले होते. त्यानंतर वर्षभरातच, १९६४ मध्ये, 'युनेस्को'ने आफ्रिकेचा सर्वंकष इतिहास लिहिण्याचा प्रकल्प हाती घेतला. बुर्किना फासोचे इतिहासकार जोसेफ की-झेर्बो यांनी त्याच्या पहिल्या खंडाचे संपादन केले. आठ खंड पूर्ण होण्यास १९९९ साल उजाडले. विद्वानांच्या पातळीवर प्रश्न निकालात निघाला असला, तरी शाळेच्या वर्गात तो निकाल पोहोचण्यास फार वेळ लागतो, हे २०१८ च्या वादाने दाखवून दिले.

तडजोडीतून काय मिळाले?

१२०० हे वर्ष स्वीकारल्याने अभ्यासक्रमात अडीचशे वर्षांची भर पडली आणि आफ्रिकेच्या दृष्टीने ती मोलाची ठरली. माली साम्राज्याचा सम्राट मनसा मुसा याची १३२४ मधील हज यात्रा याच काळातील. कैरोत त्याने इतके सोने वाटले आणि खर्चले, की तेथे सोन्याचा भाव घसरला, अशी नोंद अरब लेखक अल-उमरी याने केली आहे. १३७५ च्या कॅटलान नकाशात हा राजा हातात सुवर्णगोल घेऊन बसलेला दाखविला आहे. प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील किल्वा बंदरात आणि १३५२-५३ मध्ये मालीत जाऊन आला. इथिओपियातील लालिबेलाची, अखंड खडक कोरून घडविलेली चर्च पाहिली की मराठी वाचकाला वेरूळचे कैलास लेणे आठवावे.

मनसा मुसाला 'जगातील सर्वांत श्रीमंत माणूस' ठरवून धडा संपविणारे मात्र या संधीचे सोने करीत नाहीत. मालीचे सोने सहारा ओलांडून उत्तरेकडे जात होते, मीठ दक्षिणेकडे येत होते आणि त्या व्यापारावर तिंबक्तूसारखी विद्येची केंद्रे पोसली जात होती. ही साखळी समजली तरच त्या राजाच्या संपत्तीला अर्थ प्राप्त होतो.

शिकविण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त उदाहरण कदाचित ग्रेट झिंबाब्वेचे आहे. चुना-माती न वापरता रचलेल्या दगडी भिंतींचे हे नगर, त्यांतील काही भिंती ११ मीटर उंच. ऱ्होडेशियातील गोऱ्या सत्ताधाऱ्यांना ते स्थानिक आफ्रिकी लोकांनी बांधले हे मान्य नव्हते. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्सन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खननाच्या आधारे ते आफ्रिकी लोकांचेच असल्याचा निष्कर्ष काढला, तरीही दंतकथा टिकून राहिल्या. तेथे चीनची मातीची भांडी आणि किल्व्याचे नाणेही सापडले आहे. पुरावा काय सांगतो आणि सत्तेला काय ऐकायचे असते, यातील फरक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना याहून स्पष्टपणे दाखविणारा धडा शोधूनही मिळणे कठीण.

बोर्डाचीही बाजू

कॉलेज बोर्डाचा निर्णय केवळ युरोपकेंद्री मनोवृत्तीतून आला, असे म्हणणे एकांगी ठरेल. दहा हजार वर्षे एका शैक्षणिक वर्षात बसविताना शिक्षकांची दमछाक होत होती. एकेका संस्कृतीला एखाद-दुसरी तासिका मिळे आणि विद्यार्थी नावे व सनावळ्या पाठ करीत. अभ्यासक्रम आटोपशीर हवा, ही मागणी शिक्षकांकडूनच येत होती. म्हणजे कात्री चालविणे अपरिहार्य होते. वाद ती कोठे चालवायची याचा होता.

१२०० ची रेषाही निर्दोष नाही. मेरोए येथील कुश राज्य, चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा अक्सुमचा राजा एझाना, घानाचे प्राचीन राज्य, बांटू भाषिकांचे शतकानुशतके चाललेले स्थलांतर हे सारे तिच्या पलीकडे राहिले. शिवाय नव्या अभ्यासक्रमाच्या नऊ घटकांपैकी १२०० ते १४५० या काळासाठी दोनच घटक आहेत आणि परीक्षेत त्या प्रत्येकाला ८ ते १० टक्केच भार आहे. त्यात चीन, इस्लामी जग, भारत, युरोप, अमेरिका खंड आणि आफ्रिका यांना वाटेकरी व्हावे लागते.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न २०२२ मध्ये सुरू झाला. बोर्डाने आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास हा नवा विषय सुमारे ६० शाळांत प्रायोगिक तत्त्वावर आणला. त्याचा पहिला घटक आफ्रिकेतील प्राचीन राज्यांपासूनच सुरू होतो. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने तो आपल्या कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून नाकारला. पुढे आराखड्यात फेरफार झाले आणि २०२४ पासून तो देशभरातील शाळांसाठी खुला झाला. मात्र हा विषय ऐच्छिक आहे. तो ज्या शाळेत उपलब्ध आहे आणि जो विद्यार्थी निवडतो, त्यालाच ही ओळख होते. जागतिक इतिहासाच्या मुख्य प्रवाहात आफ्रिकेचे स्थान किती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

भारताशी संबंध

हा वाद केवळ अमेरिकेचा म्हणून सोडून देता येणार नाही. 'एनसीईआरटी'च्या अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकात मानवाच्या आफ्रिकेतील उत्पत्तीवर पहिलेच प्रकरण होते. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना ते वगळण्यात आले. कारण तेथेही वेळेचेच होते आणि कात्री तेथेही आफ्रिकेवर चालली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा अज्ञानातून उपजणाऱ्या पूर्वग्रहांची मोठी चर्चा झाली. एकट्या पाठ्यपुस्तकाने असे हल्ले थांबतील, असा दावा कोणी करणार नाही. परंतु ज्या खंडाबद्दल शाळेने काहीच सांगितलेले नाही, त्याबद्दल अफवाच बोलतात.

महाराष्ट्राला तर आफ्रिका परकी नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात अक्सुमचे अदुलिस बंदर आहे, तसेच सोपारा आणि कल्याणही आहे. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी शहर वसविले, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले, जमीन महसुलाची घडी बसविली आणि १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. मराठी वाचकाला 'हबशी' हा शब्द आणि जंजिऱ्याचा सिद्दी परिचित आहे. ही माणसे ज्या देशातून आली, त्याचा इतिहास मात्र त्या शब्दामागे दडलेलाच राहतो.

सर्व काही शिकविणे कोणत्याही अभ्यासक्रमाला शक्य नाही. जे निवडले जाते, त्यात प्रत्येक खंडातील समाज एकदा तरी स्वतःच्या घरात, स्वतःच्या निर्णयांसह दिसावा, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. त्यासाठी तीन-चार उदाहरणे खोलात जाऊन शिकविणे पुरेसे ठरते. माली, किल्वा आणि ग्रेट झिंबाब्वे यांवर आठवडाभर खर्च केला, तरी पुढे येणारा गुलामांचा व्यापार विद्यार्थी वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. अमेरिकेतील शिक्षकांनी १४५० ची रेषा मागे रेटली. तिच्या अलीकडच्या अडीचशे वर्षांत आफ्रिकेला प्रत्यक्ष किती तासिका मिळतात आणि परीक्षेत तिच्यावर किती प्रश्न येतात, यावरच त्या यशाचे मोल ठरेल.