जुन्या पिकअपचा रेडिएटर: झाळ मारायची, नवा घ्यायचा की भंगारातून आणायचा?



पहिली गाडी सेकंडहँड घेऊन धंद्यात उतरणाऱ्यांसाठी आजचा लेख आहे. टाटा २०७ असो, बोलेरो पिकअप असो की छोटा हत्ती, दहा-बारा वर्षं चाललेली गाडी घेतली की एक दिवस काटा वर जातोच. मेकॅनिक म्हणतो, "रेडिएटर गेला, साहेब." आणि पहिला प्रश्न आपण विचारतो, "स्वस्तात कुठे मिळेल?"

माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असं: "गाडी किती दिवस उभी राहील, आणि पुन्हा कधी उभी राहील?" रेडिएटर हा नुसता स्पेअर पार्ट नाही, तो तुमच्या शब्दाचा पार्ट आहे. एपीएमसीत पहाटे माल भरून सकाळी दादरला पोचवतो असं तुम्ही गिऱ्हाईकाला सांगितलंय. तुमची गाडी वाशीच्या खाडीपुलावर वाफ सोडत उभी राहिली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या टेम्पोवाल्याला फोन लावणार. आणि दुसऱ्या दिवशीही त्यालाच लावणार.

आधी रोग ओळखा, मग औषध आणा

गाडी गरम झाली म्हणजे रेडिएटरच गेला, असं नसतं. खिसा रिकामा करण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा.

१. रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नाही, प्रेशरचा व्हॉल्व आहे. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने साधारण ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११८ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि चांगला रेडिएटरही उकळ्या मारतो.

२. होस पाइप, फॅन बेल्ट, फॅन आणि वॉटर बॉडी. महापे, शिळफाटा, ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगते तेव्हा समोरून वारा मिळत नाही, सगळा भार फॅनवर असतो. गाडी फक्त ट्रॅफिकमध्येच गरम होत असेल, तर संशय आधी फॅनवर घ्या.

३. थर्मोस्टॅट. बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात, "झंझट नको" म्हणून. काढू देऊ नका. इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जातं आणि खरा रोग झाकला जातो.

४. हेड गॅस्केट. बाहेर कुठेच गळत नाही तरी पाणी कमी होतंय, ऑइल दुधाळ दिसतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत? मग नवा रेडिएटर टाकूनही काही होणार नाही.

आणि एक जिवाची गोष्ट. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

तुमचा रेडिएटर कुठल्या जातीचा?

इथेच दुरुस्ती की बदली, याचं अर्धं उत्तर मिळतं.

जुन्या गाड्यांत तांब्या-पितळेचा रेडिएटर असतो. तो दुरुस्तीसाठीच जन्माला आलाय म्हणा ना. टाकी उघडता येते, नळ्यांतून सळी फिरवून गाळ काढता येतो, गळतीला झाळ मारता येते. जाळी पूर्ण संपली तर जुन्याच टाक्यांना नवी जाळी बसवता येते. असा रेडिएटर "बदल्यात द्या, नवा घ्या" म्हणत कोणी घाईने मागत असेल तर सावध व्हा. तांब्याला भंगारातही चांगला भाव असतो. आधी वजन करा, मग बोला.

नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. हलका, स्वस्त, पण वयानुसार प्लास्टिक ठिसूळ होतं आणि तडकतं. एम-सील लावून घरी पोचता येतं, धंदा करता येत नाही. फक्त टाकी तडकली असेल आणि जाळी चांगली असेल, तर टाकी आणि रबर बदलून काम होतं. पण जाळीच्या पातळ नळ्या गळायला लागल्या, तर माझं मत एकच: नवा घ्या.

तिसरी झाळ मारायची नाही

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, सगळा खर्च जाऊन गाडी दिवसाला १,५०० रुपये देते. एका झाळेला ८०० रुपये आणि गाडी एक दिवस उभी, म्हणजे झाळ पडली २,३०० ला. नवा रेडिएटर ६,००० चा आणि एक दिवस उभी, म्हणजे ७,५००.

एकदा झाळ मारली: २,३००. झाळ स्वस्त.
दोनदा: ४,६००. अजूनही स्वस्त.
तीनदा: ६,९००. जवळजवळ बरोबरी.
चारदा: ९,२००. तुम्ही नव्याचे पैसे भरले, आणि हातात जुनाच आहे.

यात टोचन, तुटलेलं गिऱ्हाईक आणि वाकलेलं हेड धरलेलंच नाही. म्हणून नियम सोपा ठेवा. पहिली गळती, झाळ. दुसरी गळती वेगळ्या जागी, म्हणजे जाळी थकली, पैसे बाजूला काढायला लागा. तिसऱ्यांदा झाळ नाही.

"जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर गाडीच्या उरलेल्या आयुष्यात आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. पुढच्या फिटनेसआधी गाडी विकणारच असाल तर झाळ पुरे, पण घेणाऱ्याला तसं सांगून विका. दोन-तीन वर्षं चालवणार असाल तर नवा किंवा नवी जाळी.

कुठे शोधायचा, काय घेऊन जायचं?

तुर्भ्यात एपीएमसीच्या आसपास आणि कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला मालगाड्यांची वस्ती आहे, तिथे दुरुस्तीची दुकानं शोधा. कंपनीच्या पार्ट्सच्या डीलरकडे भाव आधी विचारा, म्हणजे तुलना करता येईल. वडोदऱ्याची बँको, पुण्याची टाटा टोयो अशा, गाडी कंपन्यांना रेडिएटर पुरवलेल्या नावांचा माल बाजारात मिळतो का ते बघा.

कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्ट्ससाठी सगळ्यांना माहीत आहे. ब्रॅकेट, फॅनचं कव्हर, चांगली पितळी टाकी तिथून आणा. पण रोजीरोटीच्या गाडीला भंगारातला अख्खा रेडिएटर लावू नका. आत किती गाळ आहे ते दिसत नाही, आणि परत करायला गेलात तर बिल नसतं.

दुकानात "बोलेरो पिकअपचा द्या" एवढं सांगून चालत नाही. देशभर १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. नाव तेच राहिलं तरी इंजिन बदललं की रेडिएटरही वेगळा असू शकतो. म्हणून सोबत न्या:

– आरसीचा फोटो आणि चेसिस नंबर
– जाळीची उंची, रुंदी, जाडी
– होसच्या तोंडांची बाजू आणि व्यास, बोल्टच्या जागा
– शक्य असेल तर जुना रेडिएटरच

दुरुस्त केलेला रेडिएटर घेताना हवा भरून, पाण्याच्या टाकीत बुडवून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. बुडबुडा दिसला तर पैसे नाहीत. पक्कं बिल घ्या, वॉरंटी बिलावर लिहून घ्या. आणि नवा नीट बसेपर्यंत जुना दुकानात सोडू नका.

बसवल्यावर बोअरचं पाणी ओतू नका. त्यातल्या क्षारांनी नळ्या आतून चोंदतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. पाण्याने पैसे वाचवायचे आणि रेडिएटरवर घालवायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

आजचं काम

गाडी थंड असताना बॉनेट उघडा. झाकणाचं रबर बघा, होस दाबून बघा, पाण्याचा रंग बघा. मग वहीत दोन आकडे लिहा: तुमची गाडी एक दिवस उभी राहिली तर किती जातात, आणि आतापर्यंत किती झाळा मारल्या. दुसरा आकडा दोन असेल तर रेडिएटरचा भाव आजच विचारा. गाडी चालू असताना भाव करता येतो, बंद पडल्यावर मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो.

तुमचा हिशोब कमेंटमध्ये नक्की लिहा.