पंचवीस गुणांची अट

आयोवा हे अमेरिकेतलं राज्य मराठी वाचकाला माहीत असतं ते बहुधा वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शिकला आणि पहिल्यांदा शिकवू लागला तोही तिथेच. साहित्यातल्या मंडळींना आयोवा सिटीचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम ठाऊक असतो. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात तिथे होते. बाकी मका, सोयाबीन आणि डुकरं. खुद्द आयोवातला माणूस ही यादी ऐकून म्हणेल, फुटबॉल कुठे आहे?

म्हणजे त्यांचा फुटबॉल. हेल्मेट घालून खेळायचा, ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधला संघ एकही नाही, त्यामुळे सगळी माया विद्यापीठांच्या संघांवर. आयोवा सिटीची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, आणि विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये माणसं बसतात सुमारे ६९ हजार. पहिलं सत्र संपलं की ही सगळी गर्दी शेजारच्या बालरुग्णालयाच्या वरच्या मजल्यांकडे वळून, खिडक्यांत उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात हलवते. २०१७ पासून हे चालू आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण याच प्रेक्षकांनी पुढे एका माणसाच्या नावाने ‘काढून टाका’ अशा आरोळ्या ठोकल्या. प्रेक्षक दुष्ट नव्हते.

माझा मावसभाऊ बरीच वर्षं जवळच्या सीडर रॅपिड्समध्ये राहतो. संघाचे रंग काळा आणि सोनेरी. ‘आपल्या टॅक्सीचे रंग आहेत रे’ म्हणत तो त्यांच्या प्रेमात पडला आणि पडूनच राहिला. त्याची लेक तिथेच जन्मलेली, त्याच विद्यापीठात शिकलेली. या दोघांत तीन-चार वर्षं जो वाद चालला, त्याचा मी फोनवरचा श्रोता. वादाचा विषय ब्रायन फेरेंट्झ.

कर्क फेरेंट्झ १९९९च्या हंगामापासून आयोवाचा मुख्य प्रशिक्षक आहे. अमेरिकी खेळात, जिथे तीन हंगाम वाईट गेले की माणसाचं सामान दाराबाहेर येतं, तिथे पंचविसाहून अधिक वर्षं एकाच खुर्चीत. पगार राज्याच्या कुठल्याही सरकारी नोकरापेक्षा जास्त. ब्रायन हा त्याचा थोरला. बापाच्याच संघातून खेळला, मग न्यू इंग्लंड पॅट्रियट्समध्ये बिल बेलिचिकच्या हाताखाली उमेदवारी केली आणि २०१२ मध्ये बापाच्या संघात प्रशिक्षक म्हणून परतला. २०१७ मध्ये त्याच्याकडे आक्रमणाची सूत्रं आली.

या खेळात आक्रमण आणि बचाव ही दोन स्वतंत्र पथकं असतात. खेळाडू वेगळे, प्रशिक्षक वेगळे. आक्रमणाची प्रत्येक चाल सहसा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नावाचा माणूस ठरवतो आणि बाहेरून आत कळवतो. म्हणजे मुख्य प्रशिक्षकाखालोखाल सगळ्यात उघड्यावर असलेली नोकरी हीच. चाल फसली की कुणाची होती हे वरच्या रांगेत मक्याचं कणीस खाणाऱ्यालाही कळतं.

आता नियमांचा भाग, आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात रस याच भागात आहे. विद्यापीठाचा नियम असा की कुणी आपल्या नातलगाचा थेट वरिष्ठ असता कामा नये. चांगला नियम. मग तोडगा निघाला: ब्रायन कागदोपत्री वडिलांच्या हाताखाली नाहीच. त्याचा वरिष्ठ क्रीडा संचालक गॅरी बार्टा. रोज सकाळी बैठक बापाबरोबर, सराव बापाबरोबर, सामन्यात कानातल्या यंत्रावर बाप. पण वार्षिक मूल्यमापन बार्टाच्या सहीचं. आपल्याकडे सहकारी संस्थेच्या कारभारावर नजर टाकलेल्या कुणालाही ही रचना ओळखीची वाटेल. वर बसलेल्या बार्टाची अडचण उघड होती. ज्याच्या जिवावर स्टेडियम भरतं त्या प्रशिक्षकाच्या मुलाला नापास कोण करणार?

मुलगा पहिल्या दिवसापासून वाईट होता असंही नाही. सुरुवातीचे हंगाम बरे गेले. २०२० मध्ये माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी संघातल्या वागणुकीबद्दल तक्रारी केल्या, त्यांत ब्रायनचंही नाव होतं; विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली, पुढे दावा झाला आणि मार्च २०२३ मध्ये तो तडजोडीने मिटला. ब्रायन जागेवरच राहिला. मैदानावरची घसरण त्या तक्रारींनंतरच्या हंगामांत ठळक झाली. २०२२च्या हंगामाचा पहिलाच सामना साउथ डकोटा स्टेटशी. आयोवा ७-३ने जिंकला. या खेळात सात गुण म्हणजे एक टचडाउन आणि वरचा एक, असं कुणीही समजेल. आयोवाने टचडाउन केलाच नव्हता. एका किकचे तीन, आणि बचावपथकाने प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे दोनदा पाडलं त्याचे दोन-दोन. त्या दिवशी मावसभावाचा फोन आला तो हसतच. ‘जिंकलो ना? मग?’ मागून लेकीचा आवाज: ‘बाबा, प्लीज!’

त्या वर्षी १३१ संघांत आयोवाचं आक्रमण पुढे सरकलेल्या यार्डांच्या हिशेबात शेवटून दुसरं होतं. सरासरी १७.७ गुण. आणि तरीही तेरापैकी आठ सामने जिंकले. या प्रकरणाची गाठ इथेच आहे. संघ हरत असता तर वाद आठवड्यात मिटला असता. पण बचावपथकाचा प्रशिक्षक फिल पार्कर, आणि त्याचा बचाव इतका भक्कम की दहा गुणांतही सामना निघायचा. मग बापाच्या बाजूचे म्हणत, फुटबॉल हा एकत्रित खेळ आहे, आक्रमणाने चुका टाळायच्या आणि बाकीचं बचावावर सोडायचं ही कर्कची पद्धतच आहे, मुलगा फक्त ती राबवतोय. विरोधातले म्हणत, म्हणजे पार्करची पोरं दर शनिवारी ब्रायनचा पगार वाचवतात.

माझा मावसभाऊ पहिल्या गटातला. त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असायचा. ‘अरे, धंदाच असा आहे हा. बेलिचिकचा बाप नौदलाच्या अकादमीत प्रशिक्षक होता, पोरगा त्याच्याशेजारी बसून फिल्म बघत मोठा झाला. मग बेलिचिकने आपली दोन्ही पोरं संघात घेतली. कर्क स्वतः क्लीव्हलँडला बेलिचिकच्या हाताखाली होता. हे सगळं घराणंच आहे.’

घराणं म्हटल्यावर मला गप्प बसवेना. अल्लादिया खाँसाहेबांनी मुलांना शिकवलं, भुर्जी खाँ आणि मंजी खाँ मोठेही झाले. पण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या नात्यातल्या नव्हत्या, आणि आज जयपूर-अत्रौली म्हटलं की ही नावं आधी येतात. मोगूबाईंनी पुढे पोटच्या मुलीला शिकवलं, त्या किशोरीताई. वशिल्याचा प्रश्न कुणी काढला नाही, कारण मैफलीत किशोरीताई एकट्या बसत. गाणं फसलं असतं तर झाकायला पार्करचा बचाव नव्हता. मावसभाऊ म्हणाला, ‘तू विषय बदलतोयस.’ असेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्टाने तो तोडगा काढला ज्याने हे प्रकरण साऱ्या अमेरिकेच्या करमणुकीचा विषय झालं. ब्रायनचा करार बदलला. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख. आणि अट: पुढच्या हंगामात संघाने किमान सात सामने जिंकले पाहिजेत आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण केले पाहिजेत, नाहीतर करार संपला. आणखी गंमत म्हणजे हे २५ गुण कुणीही केलेले चालणार होते. बचावपथकाने चेंडू हिसकावून केलेले, किक परत धावत आणून केलेले, सगळे ब्रायनच्या खात्यात. तेरा सामने धरून लोकांनी ३२५ गुणांचं लक्ष्य मांडलं आणि दर शनिवारी हिशेब सुरू झाला.

अशी अट मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही. प्रशिक्षकाला बोनस आकड्यांवर मिळतो, पण नोकरीच टिकणार की नाही हे सरासरीवर? मला त्यात क्रूरपणापेक्षा भित्रेपणा जास्त दिसतो. ‘ब्रायन, तुझं काम समाधानकारक नाही’ हे वाक्य बोलायला माणूस लागतो. बापाला ते बोलवत नाही, बार्टाला बोलायचं नाही, सहकाऱ्यांनी बोलण्याचा प्रश्नच नाही, कारण मुलाची तक्रार करायची ती कुणाकडे? मग सगळ्यांनी मिळून एका आकड्याला पुढे केलं आणि स्वतः मागे उभे राहिले. नातलगाला नेमण्यातला तोटा मला तरी इथेच दिसतो. नालायक नातलग तर कधीतरी उघडा पडतोच. पण मध्यम वकुबाचा, मेहनती, सज्जन नातलग असला की त्याच्याविषयी खरं बोलण्याची सोयच संपते. आणि त्याचा अन्याय त्या नातलगावरही होतो. दुसऱ्या कुठल्याही संघात ब्रायनला २०२२च्या शेवटी शांतपणे निरोप मिळाला असता, तो दुसरीकडे गेला असता, कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

२०२३चा पहिला सामना: यूटा स्टेटविरुद्ध २४ गुण. बरोब्बर एक कमी. देशभर हशा. तिसऱ्या सामन्यात ४१ झाले, सरासरी वर गेली, मावसभावाने फोनवर आकडेमोड ऐकवली. चौथ्यात पेन स्टेटने ३१-०ने धुतलं. त्यानंतर चढण चढवेना. आक्रमण खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकला दुखापत झाली हे खरं, पण तोवर ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती. दरम्यान संघाचा सर्वांत लाडका खेळाडू झाला होता टोरी टेलर, ऑस्ट्रेलियातून आलेला पंटर. आक्रमणाला पुढे सरकता येत नाही असं दिसलं की हा येऊन चेंडू लांब लाथाडणार. आयोवाचं आक्रमण इतक्या वेळा अडलं की टेलरने एका हंगामातल्या पंटच्या यार्डांचा विक्रम केला, देशातल्या सर्वोत्तम पंटरचा पुरस्कार घेतला आणि पुढे शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत निवडलं. ज्या फुटबॉलमध्ये पायाला काम नसतं, त्यात आयोवाचा नायक लाथ मारणारा. मावसभावाची लेक म्हणाली, ‘ब्रायनने घडवलेला एकमेव स्टार.’

बार्टा तोवर निवृत्त झाला होता. हंगामी संचालक बेथ गेट्झने ३० ऑक्टोबरला जाहीर केलं की हंगाम संपल्यावर ब्रायन राहणार नाही. संघ तेव्हा आठपैकी सहा सामने जिंकलेला होता. कर्कला असं मधेच जाहीर करणं पसंत नव्हतं, आणि त्याने ते लपवलंही नाही. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. पण बाई जे बोलल्या ते कुणीतरी बोलायला हवंच होतं. त्या नव्या होत्या, म्हणून बोलू शकल्या.

पुढचे चार सामने आयोवाने जिंकले: १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. गुण पाहा आणि निकाल पाहा. विभागाचं विजेतेपदही मिळालं. मग आयोवा ज्या बिग टेन परिषदेत खेळतं तिच्या अंतिम सामन्यात मिशिगनने २६-० आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी टेनेसीने ३५-० हरवलं. हंगामाची सरासरी १५.४, यार्डांत १३३ संघांत १३३वा क्रमांक. आणि फिल पार्करला देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा पुरस्कार. एकाच संघातले दोन सहायक, एक यादीच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्येही हा वाद झालाच आहे. कार्लो अँचेलॉटीने मुलगा दाविदेला बायर्नमध्ये सहायक केलं तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. कुरकुर झाली. पुढे नेपोली, एव्हर्टन, रियाल माद्रिद, सगळीकडे बापलेक बरोबर. माद्रिदने २०२२ आणि २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली आणि कुरकुर विरली. पण मुलगा खरंच किती चांगला आहे हे त्या दोन चषकांवरून कसं कळणार? २०२५ मध्ये बाप ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडे गेला आणि मुलाने बोटाफोगोचं मुख्य प्रशिक्षकपद घेतलं. वर्षअखेरीस ते सुटलंही. तरी मला वाटतं, त्याने केलं ते योग्यच.

मावसभाऊ आणि लेकीचा वाद एका रविवारी मात्र वेगळ्याच वळणावर गेला. तिने विचारलं, ‘बाबा, तू मला तुझ्या टीममध्ये घेशील?’ तो म्हणाला, कंपनीत चालत नाही. ‘चालत असतं तर?’ तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘घेतलं असतं. आणि तुझ्यावर सगळ्यांत जास्त ओरडलो असतो.’ लेक म्हणाली, ‘तेच तर. म्हणजे बाकीचे कुणीच ओरडले नसते.’

२०२४ मध्ये टिम लेस्टर नावाच्या बाहेरच्या माणसाकडे आक्रमण आलं आणि आयोवाची सरासरी पंचविसाच्या वर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्कने वुडी हेजचा जुना विक्रम मोडला. बिग टेन परिषदेत त्याच्याइतके सामने कुणीही जिंकलेले नाहीत. त्या दिवशीचा गुणफलक होता ४७-७. कर्कचा जावई कित्येक वर्षं याच संघाच्या खेळाडू-भरतीचं काम पाहतो. त्याच्याबद्दल मी मावसभावाला विचारलं. म्हणाला, ‘भरती चांगली चाललीये. तू नको तिथे बोट घालू नकोस.’