चड्डी त्याची त्यालाच घालू द्या

सकाळची घाई तुम्हाला मी काय सांगावी? तव्यावर भाकरी, दावणीला म्हैस ओरडतेय, डेअरीची वेळ टळत आलेली. नेमक्या अशा वेळी दोन-अडीच वर्षांचं पोर उघडंच, हातात चड्डी धरून म्हणतं, "मी घालनाल!" दोन्ही पाय एकाच बाजूला घालतं, आपटतं, उठतं, पुन्हा तेच. तुम्ही काय करता, खरं सांगा बरं. चड्डी हिसकावता, एका झटक्यात वर ओढता आणि वर एक धपाटा! मी स्वतः हेच केलं आहे, म्हणून विचारते.

माझी थोरली लेक म्हणजे घरातलं पहिलं मूल. सासूबाई, दोन नणंदा, मी. पोर सदा कुणाच्या तरी कडेवर. भरवायला एक, केस विंचरायला दुसरी. तीन वर्षांची होईतो तिनं स्वतःच्या हातानं घास घेतला नव्हता, आणि आम्ही ते कौतुकानं चारचौघांत सांगत असू. मग तिला अंगणवाडीत घातली. खिचडीची ताटली पुढ्यात घेऊन ती नुसती बसून राहायची. बाकीची पोरं जेवून खेळायला पळाली तरी ही तशीच, कुणी भरवील म्हणून वाट पाहत. तेही एक वेळ चाललं असतं. पण कोणतीही नवी वस्तू पुढं केली, की ती दोन्ही हात पाठीमागं न्यायची आणि म्हणायची, "मला नाई येत." हात लावण्याच्या आधीच! ती खोड जायला पुढं कैक वर्षं लागली.

बायांनो, "मला येतं" हा धीर पोराला शाबासकीनं येत नाही. हातून काम पुरं झालं की येतो. दीड ते तीन वर्षांचं पोर जे "मी, मी" करतं, त्याला आपण हट्ट म्हणतो. शिकायची भूक असते ती.

आता चड्डीचंच घ्या. पोराला उंबऱ्यावर बसवा. उभ्यानं तोल जातो. दोन्ही पाय तुम्ही घाला, गुडघ्यापर्यंत आणा आणि शेवटचं वर ओढणं तेवढं त्याच्यावर सोडा. काम संपवलं त्यानं, म्हणून मान त्याचा! चार-आठ दिवसांनी एक पाय त्याचा त्याला घालू द्या, मग दुसरा. पुढची बाजू कळावी म्हणून रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवा. घालण्याआधी काढणं येतं, तसंच बटण लावण्याआधी सोडणं. हे शिकवायला सकाळ नको, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बसा. आणि पेरणी-काढणीच्या धांदलीत नवं काही काढूच नका. तुमचाच जीव ठिकाणावर नसतो, पोरानं काय शिकावं?

पाण्याचंही तसंच. तांब्या नको, लहान फुलपात्र द्या, तेही अर्धंच भरलेलं. सांडेल. सांडलं की ओरडू नका, फडकं हातात द्या आणि दोघं मिळून पुसा. मेथी निवडताना चार काड्या पुढ्यात टाका, कणकेचा गोळा द्या, कोंबड्यांना मूठभर दाणे टाकू द्या. शेंगा फोडायला मात्र बसवू नका. बोटांना काम चांगलं, पण शेंगदाणा श्वासनळीत अडकून चिमुरड्यांचे जीव गेलेले आहेत.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, आणि पुढं अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी पाड्यांतल्या पोरांसाठी तेच काम चालवलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. खेळणी कसली, तर शिंपले, बिया, पानं, काटक्या. तेव्हा महागडं खेळणं घेऊन द्यायला हवं असं काही नाही.

चालण्याचं एक सांगते. कुणी नवव्या महिन्यात पाऊल टाकतं, कुणी सतराव्या. "शेजारचं बघ कसं पळतंय" म्हणून काही होत नाही. दीड वर्ष झालं तरी पाऊल पडलं नाही, तर डॉक्टरला दाखवा. हल्ली आत बसवायची, चाकांची प्लास्टिकची गाडी मिळते, ती घेऊ नका. त्यात पोर लटकतं, तोल सांभाळायला शिकत नाही आणि पायरीवरून उलथतं. कॅनडात २००४ सालापासून तिच्या विक्रीला बंदी आहे. आपला सुताराकडचा लाकडी पांगुळगाडा बरा. तिथं स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलावं लागतं.

पडलं की आपण जमिनीला चापट मारतो, "मुंगी मेली" म्हणतो. मुंगी मरू द्या खुशाल, हसून उठेल. पण जमिनीला मारू नका, जमिनीनं काय केलंय? "लागलं का? उठ बरं" एवढं पुरतं. आणि पाहुण्यांसमोर "धांदरट आहे आमचं" असं कधी म्हणू नका. त्याला सगळं कळतं. (हे घरधन्यांनाही वाचून दाखवा, त्यांना ही सवय जास्त.)

करू द्यायचं म्हणजे मोकाट सोडायचं नव्हे. विहीर, कडबाकुट्टी, फवारणीचं औषध, पाण्यानं भरलेली बादलीसुद्धा, इथं नजर हलवू नका. बादलीभर पाण्यात पोर बुडतं.

गेल्या दिवाळीत थोरली आली होती, तिच्या अडीच वर्षांच्या पोराला घेऊन. आजोबा गोठ्याकडं निघाले, तसा तोही निघाला. उंबऱ्यावर बसला आणि चपलेशी झुंजू लागला. बराच वेळ गेला. शेवटी चढवली, डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्यात. माझा हात आपसूक पुढं गेला. लेकीनं मागनं मनगट धरलं. "आई, राहू दे. त्याची त्यानं घातलीय."

तशाच उलट्या चपला फटकारत तो आजोबांच्या मागं गोठ्यात गेला.